पाकिटावरची बारीक अक्षरं

मी भित्री बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. कुंभकोणमच्या बाजारात चाळीस वर्षं मी ज्या तोऱ्यानं खरेदी केली, तो पाहिलेला कुणीही याची साक्ष देईल. तीन दुकानं हिंडल्याशिवाय मी कधी जिरंसुद्धा घेतलं नाही. तळ्याकाठचं अण्णाचीचं जुनं दुकान, मोठ्या बाजारातलं पोत्यांचं ठोक दुकान, आणि बसस्टँडच्या बाजूला अलीकडे उघडलेलं थंडगार सुपरमार्केट. तूरडाळ ठोकवाल्याकडे सहा रुपयांनी स्वस्त, पण निवडता निवडता डोळे जायची वेळ. अण्णाचीची महाग, पण दोन शिट्ट्यांत मेण. सुपरमार्केटातली दिसायला देखणी, पण तिला ना वास ना चव. मी मूठभर डाळ तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायची आणि मग तोंड वाकडं करून भाव विचारायची. आमचे हे म्हणायचे, तू डाळ घ्यायला जातेस की सून बघायला? मी म्हणायची, सून एकदाच बघायची असते, डाळ दर महिन्याला बघावी लागते.

अशी मी, आणि गेल्या उन्हाळ्यात दोन आठवडे किराणा दुकानाची पायरी चढताना मी कचरत होते.

मुलगी बेंगळुरूला असते. तिची लेक सात वर्षांची. आदल्या वर्षी ती पोर नुसती वाळत चालली होती. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, दर दोन दिवसांनी उलट्या नाहीतर जुलाब. शेवटी इस्पितळात ठेवलं, सलाइन लावलं, आणि तिथे कळलं की तिला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे जड पडतो असं नव्हे. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतड्याला आतून इजा होते. जन्मभराचं दुखणं. त्याला गोळी नाही, गहू टाळायचा एवढंच. चार-पाच महिने कडक पाळल्यावर पोरीच्या गालांवर जरा कुठे मांस आलं होतं. तेवढ्यात मुलीला नोकरीतून महिनाभर हैदराबादला जावं लागलं, जावई परदेशात, आणि भरवशाचं दुसरं कुणी नाही. म्हणून तिनं पोर माझ्याकडे आणून सोडली.

सोबत दोन पानांची यादी होती. ती तिनं स्वयंपाकघरात बसून मला मोठ्यानं वाचून दाखवली, जसं काही मला वाचता येत नाही. रवा नको, मैदा नको, शेवया, ब्रेड, बिस्किटं नकोत. ज्या चमच्यानं मैदा घेतला तो तांदळाच्या पिठात घालायचा नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कुठलंही पाकीट घरात आणायचं नाही. मला मनातून रागच आला. मी म्हटलं, अगं, आपल्या घरात गहू येतो कुठे? तंजावरच्या दरबारी कधीकाळी आलेल्या माणसांचे आम्ही वंशज. घरात मराठी बोलतो, दाराबाहेर पाऊल पडलं की तमिळ. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे गालात हसतात, आणि त्यांना जेवताना पोळी लागते याला आम्ही हसतो. आमच्या पानात सकाळी भात, दुपारी भात, रात्री दहीभात. यादी द्यायचीच तर पुण्याच्या बायकांना दे, असंही मी म्हणाले.

ती हसली नाही. निघताना दारात थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, मागच्या वेळी ती तीन दिवस डोळे उघडत नव्हती. एक कण नको."

गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळली आणि मी आत जाऊन ती यादी पुन्हा वाचायला घेतली.

दुसऱ्या दिवशी अण्णाचीच्या दुकानात गेले. तेच दुकान, तोच गल्ल्यामागे बसलेला म्हातारा, ज्याला सगळा गाव अण्णाची म्हणतो, तीच चंदनाची उदबत्ती. पण मला भलतंच दिसायला लागलं. रव्याचं उघडं पोतं इडलीच्या तांदळाच्या पोत्याला टेकलेलं. पत्र्याचं माप मैद्यातून निघालं आणि तसंच तांदळाच्या पिठात शिरलं. तराजूच्या पारड्यावर पांढरी धूळ, वर पंखा गरागरा फिरतोय आणि ती धूळ साऱ्या दुकानभर. चाळीस वर्षांत मी इथे डाळीतला किडा पाहिला होता, जिऱ्यातली काडी पाहिली होती. हे कधी पाहिलं नव्हतं. अण्णाचीनं विचारलं, काय देऊ मामी? मी काही नको म्हटलं आणि पायरी उतरले. त्याचं तोंड उघडंच राहिलं असणार.

ठोकवाल्याकडे तर दारातच आट्याची पोती शिवणं चाललं होतं. मी रस्त्याच्या पलीकडूनच परतले.

राहिलं सुपरमार्केट. तिथे सगळं पाकिटात, पण पाकिटावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. आमच्या ह्यांचं पंचांग वाचायचं भिंग मी पिशवीत घालून नेलं होतं. तांदळाच्या पिठाचं पाकीट उलटं करून वाचलं, तर शेवटच्या ओळीत लिहिलेलं की हे जिथे भरलं तिथे गहूही हाताळतात. ठेवलं परत. दुसरं घेतलं, तेच. पोह्यांवर तेच. सांबाराच्या मसाल्यावर तेच. एक तास मी त्या गारठ्यात भिंग घेऊन उभी होते आणि मला घाम फुटला होता. शेवटी जे निर्धोक वाटलं ते उचललं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाव न विचारता पैसे दिले. बाहेर येऊन पावती पाहिली तर तांदूळ अण्णाचीच्या दुप्पट दराचा. मला त्याचं काही वाटलं नाही, यानं मी आणखीच घाबरले.

घरात मी जे आरंभलं त्याला ह्यांनी सोवळं असं नाव दिलं. तांदूळ सहा पाण्यांनी धुवायचा. पीठ गिरणीत द्यायचं नाही, कारण गिरणीत गहूही दळतात. घरीच तांदूळ भिजवून, वाळवून, वाटायचा. ह्यांची कॉफीबरोबरची बिस्किटं मी मोलकरणीला देऊन टाकली. हे शनिवारी जवळच्या मरुदानल्लूरला भजनाला जातात, तिथून आले की प्रसादाचे हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय त्यांना नातीला हात लावू देत नव्हते. त्यांनी तक्रार केली नाही. तेही घाबरलेच होते, फक्त बोलून दाखवत नव्हते.

पाच दिवस बरे गेले. पोर अंगणात झोके घ्यायची, माझ्यामागे स्वयंपाकघरात लुडबुडायची, अंबट वरपून खायची. अंबट म्हणजे आमच्या घरातली डाळीची आंबट पातळभाजी. तिची आई लहानपणी तिच्यावरच वाढली. सहाव्या दिवशी सकाळी ती पोट धरून पायरीवर बसली. आज्जी, दुखतंय, एवढंच म्हणाली.

यादीतली एकूण एक ओळ माझ्या डोळ्यांपुढून गेली. तरी मी स्वतःला समजावलं की पोरांची पोटं दुखतातच. आमच्या घरात पोटदुखीला एकच उपाय आहे. ओट्यावर चिनी मातीच्या छोट्या बरणीत हिंगाचा खडा पाण्यात भिजत घातलेला असतो. त्यातलंच पाणी अंबटात, सारात, कोशिंबिरीत पडतं, आणि पोट दुखलं की चमचाभर ताकात. हिंगाच्या बाबतीत तर मी कुणाचं ऐकून घेत नाही. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बाजारात नेऊन शिकवलं होतं: खड्यावर अंगठ्याचं नख दाबायचं, नख रुतलं तरच घ्यायचा. कडक खडा पाण्यात विरघळत नाही, तळाशी दगड होऊन बसतो. महिन्याभरापूर्वीच मी अण्णाचीकडे चार खडे दाबून पाचवा निवडला होता. लोण्यासारखा मऊ, आणि वास असा की पिशवी दोन दिवस घमघमत होती.

मी पोरीला ताक दिलं. दुपारी तिनं ते ओकून टाकलं. संध्याकाळी पुन्हा दिलं, या वेळी हिंग जरा जास्त घालून.

दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. पोट पुन्हा तसंच फुगलं, टणक. ह्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बेंगळुरूचे कागद वाचले, पोट दाबून पाहिलं आणि सरळ सांगितलं की घरात कुठून तरी गहू पोटात जातोय, शोधा. मी म्हटलं, शक्य नाही. त्या म्हणाल्या, जातोय.

तो शोध मी कसा केला ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. घरातला तांदूळ, डाळ, मिरची पावडर, धने, सगळं मी मागच्या अंगणात नेऊन ओतलं. डबे उकळत्या पाण्यानं धुतले, उन्हात पालथे घातले. नवं सामान आणलं, तिन्ही दुकानांतून थोडं थोडं, म्हणजे एका ठिकाणी भेसळ असली तर कळेल. एक दिवस फक्त सुपरमार्केटच्या डाळीचं अंबट. एक दिवस फक्त ठोकवाल्याच्या, गोणीच्या तळातून काढलेल्या. पोर रोज आणखी मलूल होत गेली. दोन घास खाई आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं साखर-मिठाचं पाणी मी तासातासाला पाजत होते, आणि मधूनमधून हिंगाचं ताक. दुसरं काय करणार? तेवढंच माझ्या हातात होतं, असं मला वाटत होतं.

मुलीचा फोन रोज यायचा. पहिले दोन दिवस मी थाप मारली की ऊन बाधलंय. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, तिला फोन दे. पोर आईशी बोलता बोलता रडली. मुलीनं माझ्याशी एक शब्द न बोलता फोन ठेवला, आणि तासाभरानं कळवलं की परवा सकाळच्या गाडीनं येतेय.

त्या दिवशी मी अण्णाचीच्या दुकानात जाऊन तमाशा केला. पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं की तांदळाच्या पिठात मैदा मिसळतोस ना, किती वर्षं मिसळतोयस? तो गल्ल्यावरून उठला, मला आत गोदामात घेऊन गेला, आणि एकेक पोतं माझ्यासमोर उघडून दाखवलं. म्हातारा वाकून दोऱ्या सोडत होता. मला शरम वाटायला हवी होती. मला फक्त भीती वाटत होती, कारण पोती स्वच्छ होती. दोष दुकानाचा नव्हता, तर मग कुठे शोधायचं?

घरी येऊन जवळच्याच तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला नवस बोलले की पोर बरी होऊ दे, तिला चालत घेऊन येईन. एरवी नवस बोलणाऱ्या बायकांना मी नावं ठेवते.

दुसऱ्या दिवशी पोरीला उभं राहवेना. डॉक्टरीणबाई घरी येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, उद्यापर्यंत असंच राहिलं तर तंजावरच्या मोठ्या इस्पितळात न्या, उशीर करू नका. ह्यांनी पिशवी भरायला घेतली. मी ओट्याजवळ गेले आणि पाहिलं तर हिंगाची बरणी रिकामी. एरवी दोन-तीन महिने पुरणारा खडा महिन्यातच संपला होता, त्यातला निम्म्याहून जास्त या आठवड्यात. म्हटलं, निदान हिंग तरी आणावा, आणि तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून अण्णाचीकडे न जाता सुपरमार्केटात गेले.

तिथे हिंगाच्या दोन डब्या शेजारी शेजारी होत्या. एक साठ रुपयांची, एक पंच्याऐंशीची, वजन सारखंच. हात आपोआप दोन्हींकडे गेला. इतक्या वर्षांची खोड, एवढ्या काळजीतही सुटली नव्हती. महागडी डबी महाग का आहे ते पाहावं म्हणून भिंग काढलं आणि डबी उलटी केली. गव्हाचं पीठ. दुसरी उलटी केली. तिथेही तेच, फक्त टक्क्यांचा आकडा मोठा.

मला आधी वाटलं की मी चुकीचं वाचलं. मग वाटलं की ही सुपरमार्केटची भेसळ, आपला खडा शुद्ध. तिथून अण्णाचीचं दुकान पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे. त्या उन्हात मी ते कशी चालले हे मला आठवत नाही. लाजलज्जा सोडून त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं की तुझ्या हिंगाच्या खड्यात काय असतं?

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. म्हणाला, "मैदा, मामी. नुसता हिंग कुणाच्या जिभेला सोसेल? पीठ आणि डिंक घालूनच खडा बांधतात. पीठ जितकं जास्त तितका मऊ. तुम्ही नेहमी मऊच शोधून नेता."

मी पळत सुटले. या वयात, नऊवारी सावरत, भर रस्त्यातून. रिक्षा मिळाली ती देवळाच्या वळणावर. घरात शिरले तर हे पलंगाच्या कडेला बसलेले, पोरीचं डोकं मांडीवर, आणि हातात ताकाचा पेला. शेजारच्या घरातून ह्यांनी हिंग मागून आणला होता. तू नव्हतीस, ती कळवळत होती, म्हणून केलं, असं म्हणत होते. पेला पोरीच्या ओठांना लागलेला. मी तो हातानं उडवला. ताक भिंतीवर गेलं, पोर किंचाळली आणि आजोबांना बिलगली. ती मला घाबरली होती, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर नुसती भाताची पेज, मीठ, साखरपाणी. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून होतो. सकाळी तिनं स्वतःहून पेज मागितली. हे स्वयंपाकघरात जाऊन रडले, मला आवाज आला. तंजावरला न्यावं लागलं नाही.

मुलगी आली तेव्हा पोर भिंतीला टेकून बसली होती आणि आजोबांशी पत्ते खेळत होती. मुलीनं तिला जवळ घेतलं, पोट चाचपलं, डोळे पाहिले. मग माझ्याकडे वळली. मी ठरवलं होतं की अण्णाचीवर ढकलायचं, नाहीतर प्रसादावर. रात्री शब्दही जुळवले होते, कारण मला माहीत होतं की खरं सांगितलं तर ही पोर पुन्हा माझ्या घरात एकटी राहणार नाही. पण तिच्यासमोर जीभ वळेना. मी सगळं सांगितलं. पाकिटं सगळी वाचली, पण खड्याला पाकीट नव्हतं, म्हणून तो डोक्यातच आला नाही. दुखणं वाढत गेलं तसा मी तो वाढवत गेले. माझ्याच हातानं.

मला वाटलं ती ओरडेल. तिनं ओट्यावरची रिकामी बरणी उचलून आणली आणि पलंगावर बसून तिचा वास घेतला. मग म्हणाली, "मलाही तू तेच द्यायचीस, आई. रोज शाळेतून आले की."

मी म्हटलं, हो ना, तुझं पोट सारखं दुखायचं. त्यानं तुला बरं वाटायचं.

"नाही वाटायचं," ती म्हणाली. "तू आणखी देऊ नयेस म्हणून मी तसं सांगायची."

मग तिनं सांगितलं की हे दुखणं रक्तातून येतं. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी तिलाही तपासून घ्यायला सांगितलंय, आणि सहा महिने ती ते टाळतेय. तिचा आवाज अगदी शांत होता. पदर सावरताना तिची बांगडी मनगटावरून सरकत कोपरापर्यंत गेली आणि मी त्या हाताकडे नीट पाहिलं. लहानपणापासून मी लोकांना सांगत आले होते की आमची मुलगी मुळातच बारीक अंगाची, कितीही घाला, अंगी लागत नाही.

जेवायची वेळ झाली होती. ह्यांनी पाटपाणी केलं आणि मला हाक मारली. तुला काय वाढू, असं मुलीला विचारायला मी तोंड उघडलं, आणि मला धीर झाला नाही.